हिशेबाच्या वहींतील अक्षर

आमच्या घरांतील एका माणसास गेल्या वर्षीं चार वेळां इस्पितळांत न्यावें लागलें. ते माझे धाकटे बंधु. वय साठ, एका बँकेंत पस्तीस वर्षें हिशेबनिसाचें काम करून निवृत्त झालेले. मद्याचा थेंब त्यांच्या ओंठास कधीं लागला नाहीं. मांसमत्स्यादि पदार्थ आमच्या घराच्या उंबरठ्याच्या आंत कधीं आले नाहींत. आणि तरीही सहा वर्षांपूर्वीं पोटाची सोनोग्राफी पाहून डॉक्टरांनीं सांगितलें कीं, यांचें यकृत आकसून कठीण झालें आहे, यांस 'सिरॉसिस' आहे. त्या दिवशीं घरांत जी सुतकी शांतता पसरली, तिच्यांत रोगाच्या भीतीपेक्षां लोक काय म्हणतील याची भीति अधिक होती, हें आज प्रांजलपणें कबूल केलें पाहिजे. यकृत बिघडलें म्हणजे माणूस चोरून पीत असला पाहिजे, ही समजूत आपल्या समाजांत इतकी रुजलेली आहे कीं, आम्हीं तें दुखणें दोन वर्षें जवळच्या आप्तांपासूनही लपविलें.

खरें कारण निराळें होतें. बंधूंस पंचवीस वर्षांचा मधुमेह, काम बैठें, पोटाचा घेर वाढलेला. अशा माणसाच्या यकृतांत चरबी सांचते, तिच्यामुळें कित्येकांस तेथें मंद दाह सुरू होतो, आणि वर्षानुवर्षांच्या त्या दाहानें मऊ यकृताच्या जागीं व्रणाचे तंतु व गांठी उत्पन्न होतात. मद्यानें जें होतें तेंच हिपॅटायटिस बी व सी या विषाणूंनीं होतें, आणि तेंच चरबीनेंही होतें. स्टेथॉस्कोपचा जनक जो फ्रेंच वैद्य लेनेक, त्यानें १८१९ सालीं या विकारास 'सिरॉसिस' हें नांव दिलें तें केवळ अशा यकृताच्या पिंगट रंगावरून. त्या नांवांत रोग्याच्या शीलाविषयीं एक अक्षरही नाहीं. हें इतक्या विस्तारानें सांगण्याचें कारण असें कीं, जें दुखणें घरानें लपविलें त्यावर घराची नजर राहत नाहीं. आणि पुढें जें सांगावयाचें आहे तें सारें घराच्या नजरेविषयींच आहे.

चार खेपांपैकीं एक खेप अटळ होती. उरलेल्या तीन टळल्या असत्या. त्यांतील एकही एकाएकीं ओढवली नव्हती. प्रत्येकीच्या आधीं चार-आठ दिवस घरांतल्या घरांत कांहीं ना कांहीं सूचना मिळत होती, आणि ती ओळखणारें कोणी नव्हतें. अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनीं अशा प्रगत दुखण्याच्या ४०२ रुग्णांची हकीकत २०१२ सालीं प्रसिद्ध केली. इस्पितळांतून घरीं गेलेल्या या रुग्णांपैकीं ३७ टक्के महिन्याच्या आंत पुन्हां दाखल झाले, आणि त्या महिन्याभरांतील खेपांपैकीं सुमारें २२ टक्के टाळतां येण्याजोग्या होत्या, असें त्यांस आढळलें. आमच्या घरचें प्रमाण चारांत तीन पडलें. म्हणजे या एका बाबतींत आम्हीं अमेरिकेस पुष्कळ मागें टाकलें!

यकृताचें काम थोडक्यांत समजून घेतल्यावांचून पुढील मजकूर ध्यानांत यावयाचा नाहीं. आंतड्यांतून निघणारें रक्त हृदयाकडे परतण्यापूर्वीं यकृतांतून जातें. ज्या शिरेनें तें यकृतांत शिरतें तिला संस्कृत परिभाषेंत 'प्रतिहारिणी' असें समर्पक नांव आहे. प्रतिहारी म्हणजे द्वारपाल. यकृत कठीण झालें म्हणजे या दारांत गर्दी होते, शिरेंतील दाब वाढतो, आणि मग रक्त आडवाटा शोधूं लागतें. अन्ननलिकेच्या तळाशीं असलेल्या बारीक शिरा फुगतात व कधीं फुटतात. पोटाच्या पोकळींत पाणी झिरपतें; तेंच आपलें जलोदर. आणि आंतड्यांत तयार झालेलीं अमोनियासारखीं विषें यकृतांत न अडतां थेट मेंदूपर्यंत पोंचतात, तेव्हां माणसाची बुद्धि झांकोळते. पाणी, रक्त आणि भ्रम या तीन वाटांनीं हे रोगी इस्पितळाच्या दाराशीं येतात.

पहिली खेप दिवाळीनंतरची, पाण्याची. फराळ घरचा, शुद्ध तुपांतला, म्हणून कोणासही वावगें वाटलें नाहीं. परंतु या विकारांत मूत्रपिंडें शरीरांतील सोडियम बाहेर टाकण्यास नाखूष असतात, आणि जेथें सोडियम राहतें तेथें पाणी राहतें. दिवसभराच्या सर्व पदार्थांत मिळून पांच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, एवढेंच मीठ अशा रोग्यास पुरे. आम्हीं ताटांत मीठ वाढणें बंद केलें होतें आणि त्यावर समाधान मानलें होतें. लोणच्याची फोड, पापड, सांडगी मिरची, चिवडा, शेव, ताकांतलें मीठ, ढोकळ्यांतला खाण्याचा सोडा, पावाचा तुकडा, हीं कोणाच्या हिशेबांत नव्हतीं. त्यांत आणखी एक भर. उपवासाच्या पदार्थांत सैंधव घालतात, आणि सैंधव हें औषधी, तें बाधत नाहीं, अशी आमच्या घरांत दृढ श्रद्धा होती. संस्कृत शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास 'सैंधव' शब्दाचे दोन अर्थ शिकवितात: जेवतांना मागितला तर मीठ, प्रवासास निघतांना मागितला तर घोडा. पैकीं घोडा खरोखरच बाधत नाहीं. मीठ मात्र साध्या मिठाइतकेंच बाधतें, कारण तें जवळजवळ सारें सोडियम क्लोराइडच आहे. बाजारांत मिळणारें 'कमी सोडियमचें' मीठही आपल्या मनानें आणूं नये. त्यांत पोटॅशियम असतें, आणि जलोदरावर दिल्या जाणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्यांबरोबर तें रक्तांत घातक प्रमाणांत सांचूं शकतें.

पोट मडक्यासारखें तट्ट फुगलें, आडवें झालें कीं श्वास कोंडूं लागला, तेव्हां रात्रीं अकरा वाजतां आम्हीं इस्पितळ गांठलें. तेथें सुई घालून सात लिटर पाणी काढलें. डाव्या बाजूस, बेंबीच्या खालीं सुई घातलेली पाहून मला सुश्रुतसंहितेंतील वर्णन आठवलें. सुश्रुतानें हीच डावी बाजू, बेंबीखालीं, सांगितली आहे. आणि सारें पाणी एकाच दिवशीं काढूं नये, नाहीं तर रोग्यास तृष्णा, ज्वर, श्वास इत्यादि उपद्रव होतात, असेंही बजावलें आहे. चरकसंहितेंत पाणी काढल्यावर स्नेह व लवण यांवांचून पेज द्यावी, असें आहे. आपल्या पूर्वजांस सर्व कांहीं ठाऊक होतें असें मला यावरून म्हणावयाचें नाहीं. त्यांनीं रोग्याकडे बारकाईनें पाहिलें होतें, एवढेंच म्हणावयाचें आहे. एकदम पाणी काढल्यानें रक्ताभिसरण ढासळतें, हें त्यांनीं पाहिलेलें खरें ठरलें. आज पांच लिटरहून अधिक पाणी काढावयाचें असल्यास दर लिटरमागें सुमारें आठ ग्रॅम अल्ब्युमिन शिरेंतून देतात, आणि त्यामुळें पुष्कळ पाणी एका बैठकींत काढतां येतें.

ही खेप टळली असती ती दोन प्रकारांनीं. मिठाकडे लक्ष असतें तर पाणी इतक्या झपाट्यानें भरलें नसतें, ही एक गोष्ट. दुसरी अशी कीं, पाणी भरत आहे हें रोजच्या वजनावरून आठवडाभर आधीं कळलें असतें. मग आगाऊ दिवस ठरवून सकाळीं जावें, पाणी काढून घ्यावें, संध्याकाळीं घरीं यावें, एवढ्यावर काम भागतें. त्याऐवजीं श्वास कोंडेपर्यंत वाट पाहिली, आणि आठ दिवस खाटेवर गेले.

दुसरी खेप गुडघ्यापायीं झाली. गुडघा दुखतो म्हणून शेजाऱ्यांनीं आपुलकीनें दिलेल्या वेदनाशामक गोळ्या बंधूंनीं पांच दिवस घेतल्या. त्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या कुळींतल्या. लघवी कमी झाली, पाय सुजले, मूत्रपिंडाचे आंकडे बिघडले. या गोळ्या यकृताच्या अशा रोग्यास वर्ज्य आहेत; त्यांनीं मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी होतो व रक्तस्रावाचें भयही वाढतें. नवल असें कीं, ज्या पॅरासिटामोलला लोक यकृताचा शत्रु म्हणून भितात, तेंच डॉक्टरांच्या सांगण्यावरून दिवसास दोन ग्रॅमच्या मर्यादेंत त्यामानानें निर्धोक समजलें जातें.

तिसरी खेप माझ्यामुळें झाली.

वैशाखांत माझ्या नातवाची मुंज होती. घरांत पन्नास माणसें आणि शौचकूप दोन. बंधूंस त्या वेळीं लॅक्टुलोज नांवाचें गोड, पातळ औषध दिवसांतून तीन वेळां चालू होतें, आणि त्यामुळें त्यांस दोनतीन वेळां शौचास जावें लागे. मुंजीच्या आदल्या दिवशीं ते मला बाजूस घेऊन म्हणाले, "दादा, चार दिवस हें जुलाबाचें औषध बंद ठेवूं का? दाराशीं सारखी रांग असते. मला लाज वाटते." मी घरांतला वडील माणूस. मला वाटलें, रेचकच तें; चार दिवस न घेतल्यानें काय बिघडणार? मी म्हणालों, "ठेव बंद." इस्पितळांतून निघतांना जो कागद हातीं दिला होता त्यावर या औषधाचें नांव आणि मात्रा इंग्रजींत छापलेली होती, तें कशासाठीं द्यावयाचें हें त्यावर लिहिलेलें नव्हतें आणि कोणीं तोंडीं सांगितलेंही नव्हतें. त्या इस्पितळाचें नांव घेण्याचें प्रयोजन नाहीं. मींही विचारलें नव्हतें. शाळेंत पोरांस 'न समजलें तर विचारा' असें चौतीस वर्षें सांगत आलेला मी!

दोन रात्री बंधूंस झोप लागली नाहीं. दिवसां मात्र ते बसल्या जागीं पेंगत. पाहुण्यांच्या गडबडीनें असें झालें असावें, असें समजून तिसऱ्या रात्रीं मीं माझ्या स्वतःच्या झोपेच्या गोळीचा अर्धा तुकडा त्यांस दिला. चौथ्या दिवशीं सकाळीं ते संध्येस बसले आणि ताम्हनांतलें पाणी पळीनें पुन्हां पंचपात्रींत घालूं लागले. भावजय मला म्हणाली, "भावोजी, यांचें कांहींतरी बिनसलें आहे. काल दुधाचा हिशेब लिहितांना यांनीं मला दोनदां विचारलें कीं, हा महिना कोणता." मीं तेंही दगदगीवर घातलें. दुपारीं त्यांनीं स्वतःच्या मुलास ओळखलें नाहीं. दिवेलागणीस हाक मारली तर डोळे उघडेनात.

इस्पितळांतील तरुण डॉक्टरीणबाईंनीं पहिलाच प्रश्न विचारला, "यांना शौचास केव्हां झालें होतें?" बारा माणसें खाटेभोंवतीं उभीं होतीं, एकासही उत्तर देतां येईना. त्यांनीं बस्ति दिला, औषध नळीवाटे सुरू केलें. तिसऱ्या दिवशीं बंधूंनीं डोळे उघडून "मुंज झाली का?" असें विचारलें, तेव्हां मला खोलीबाहेर जावें लागलें.

मागाहून त्याच बाईंनीं मला समजावून सांगितलें. लॅक्टुलोज हें रेचक खरें, परंतु येथें तें नुसतें रेचक म्हणून दिलेलें नसतें. ही एक साखरच आहे, पण लहान आंतड्यांत ती पचत नाहीं. मोठ्या आंतड्यांतील जंतु तिचें आम्ल बनवितात, त्या आम्लांत अमोनिया जखडला जातो आणि शौचावाटे बाहेर पडतो. बिर्चर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६६ सालीं या भ्रमावर तिचा उपयोग दाखविला. दिल्लीच्या गोविंद वल्लभ पंत इस्पितळांतील डॉक्टरांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग तर घरोघर माहीत व्हावा असा आहे. एकदां भ्रम होऊन बरे झालेले रुग्ण त्यांनीं घेतले. ज्या ६१ जणांस लॅक्टुलोज चालू ठेवलें त्यांतील १२ जणांस पुन्हां भ्रम झाला. ज्या ६४ जणांस तें दिलें नाहीं त्यांतील ३० जणांस झाला. एवढा फरक पाडणारें औषध मीं पाहुण्यांच्या लाजेस्तव बंद करविलें होतें. त्यावर, मेंदू आधींच झांकोळलेला असतां, झोपेची गोळी दिली. झोपेच्या व गुंगी आणणाऱ्या गोळ्या, कोडीनयुक्त खोकल्याचें औषध हीं अशा रोग्यास यकृताच्या डॉक्टरांस विचारल्याखेरीज देऊं नयेत. आणि रात्रीं जागणें व दिवसां पेंगणें ही झोपेची तक्रार नसून पुष्कळदां भ्रमाचीच पहिली पायरी असते.

एक गोष्ट उलट बाजूचीही सांगितली पाहिजे. चुकीची भरपाई म्हणून मीं पुढें औषधाची मात्रा वाढवावी असें म्हणूं लागलों, तेव्हां बाईंनीं अडविलें. दिवसांतून दोनतीन वेळां मऊ शौचास व्हावें, एवढाच मात्रेचा अदमास. पाण्यासारखे जुलाब होऊं लागले तर शरीरांतील पाणी व क्षार जातात आणि त्यानेंही भ्रम होतो. जुलाब किंवा ओकाऱ्या चालू असतांना लघवीच्या गोळ्या तशाच चालू ठेवणें धोक्याचें असतें. त्या दिवशीं डॉक्टरांस फोन करावा.

घरीं आल्यावर चार दिवसांनीं भावजयीनें बंधूंची हिशेबाची वही माझ्यापुढें आणून ठेवली. पस्तीस वर्षांच्या संवयीनें ते अजूनही दूध, भाजी, वीज यांचा रोजचा खर्च लिहितात. त्यांचें अक्षर छापल्यासारखें. शिरोरेषा पट्टीनें ओढावी तशी सरळ. मुंजीच्या आठवड्याचीं पानें उघडलीं आणि मी वाचीतच राहिलों. औषध बंद केल्याच्या दुसऱ्याच दिवशीं ओळ उजवीकडे उतरूं लागली आहे. तिसऱ्या दिवशीं शिरोरेषा तुटल्या आहेत, वेलांट्या गळाल्या आहेत. चौथ्या दिवशीं 'दूध' हा शब्द तीनदां लिहिला असून रकमेच्या जागीं नुसत्या रेघा आहेत. सारें कांहीं तेथें लिहिलेलें होतें. चौतीस वर्षें मीं पोरांचीं अक्षरें तपासलीं, कोणता मुलगा तापांत लिहून आला आहे हें मला अक्षरावरून कळे. आणि माझ्याच घरांत, माझ्याच भावाची वही रोज माझ्या टेबलावर येत असतां मीं ती उघडून पाहिली नाहीं.

अक्षर बिघडतें ही वैद्यांस नवी गोष्ट नाहीं. लंडनच्या शीला शेरलॉक या डॉक्टरीणबाईंनीं सहकाऱ्यांसह १९५४ सालीं या भ्रमाचें सविस्तर वर्णन केलें. रोग्याच्या अक्षराचे नमुने रोज राखून ठेवण्याची रीत त्यांच्या यकृतावरील ग्रंथांत आहे. हात पुढें धरून पंजे वर उचलावयास सांगितले असतां ते पांखराच्या पंखांप्रमाणें फडफडतात, हीही खूण. इटलींतील डॉक्टरांनीं २०१७ सालीं आणखी सोपी परीक्षा पुढें आणली: एका मिनिटांत आठवतील तितक्या प्राण्यांचीं नांवें सांगावयाचीं. दहांपेक्षां कमी आलीं तर शंका घ्यावी. पंधरांच्या वर गेलीं तर बहुधा चिंता नाहीं. ही परीक्षा आमच्या घरांतील मुलांस इतकी आवडली आहे कीं, आतां आजोबांबरोबर सारींच ती देतात.

त्या दिवसापासून आमच्या घरीं एक वेगळी वही आहे. रकाने बंधूंनींच आंखले. सकाळीं शौचमुखमार्जनानंतर, चहापूर्वीं, त्याच कांट्यावर वजन. आदल्या दिवशीं शौचास किती वेळां झालें. झोप रात्रीं लागली कीं दिवसां. कोणती गोळी घेतली व कोणती राहिली. आणि शेवटीं त्यांच्या हातची एक ओळ व सही. वजन दोनतीन दिवसांत दोन किलोनें चढलें तर फोन. लघवीच्या गोळ्यांनीं तें रोज अर्ध्या किलोहून अधिक, पायांवर सूज असल्यास एक किलोहून अधिक, उतरूं लागलें तरीही फोन. शौचास एक दिवस झालें नाहीं तर मात्रा किती वाढवावी हें डॉक्टरांनीं त्यांच्या हातानें वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलें आहे. असें लिहून मागण्यास संकोच करूं नये. वही पाहण्याचें काम एकाच माणसावर टाकूं नये, हेंही अनुभवानें कळलें. भावजय सहा वर्षें रात्रींची अर्धी झोप घेत होती आणि आम्हां पुरुषमंडळींस त्याचा पत्ता नव्हता. आतां वार वांटून घेतले आहेत.

आहाराविषयीं आपल्या घरांतून दोन समजुती फार घट्ट आहेत, आणि दोन्ही घातक आहेत. पहिली उपवासाची. धडधाकट माणसाच्या यकृतांत साखरेचा सांठा असतो, त्यावर रात्र सहज निघते. कठीण झालेल्या यकृतांत तो सांठा अपुरा. म्हणून एका रात्रीच्या लंघनानें या रोग्याचें शरीर निरोगी माणसाच्या दोनतीन दिवसांच्या उपासासारख्या अवस्थेस पोंचतें आणि स्वतःचे स्नायु जाळूं लागतें. आमचे बंधु एकादशी, चतुर्थी आणि चातुर्मासांत एकभुक्त, असें सर्व निष्ठेनें करीत. आतां निजण्यापूर्वीं दूध-पोहे किंवा एखादी पोळी व वाटीभर साधें वरण आणि उठल्यावर लगेच न्याहारी, हाच त्यांचा नियम. आजाऱ्यास व्रताचें बंधन नाहीं, हें धर्मशास्त्र आमच्या वृद्ध आत्याबाईंनीं प्रथम सांगितलें म्हणून घरांत वाद झाला नाहीं. दुसरी समजूत डाळींची: प्रथिनांनीं भ्रम वाढतो, म्हणून वरण बंद करावें. पूर्वीं डॉक्टरही असेंच सांगत. परंतु बार्सिलोनाच्या डॉक्टरांनीं २००४ सालीं दाखविलें कीं, भ्रमाच्या रुग्णांचीं प्रथिनें तोडून कांहीं लाभ होत नाहीं. उलट स्नायु झडतात, आणि अमोनिया पचविण्याचें काम कांहीं अंशीं स्नायूच करीत असतात. आतां वजनाच्या दर किलोमागें १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनें द्यावीं असें सांगतात. आणि वरण, मूग, मसूर, दूध, दहीं यांतलीं प्रथिनें अशा रोग्यांस चांगलीं सोसतात. येथें आपलें ताट मूळचेंच बरें आहे. लोणचें तेवढें उचलावें.

गुळवेलीविषयीं लिहूं कीं नको, अशा विचारांत मी होतों. कारण संस्कृत वैद्यकग्रंथांवर माझी श्रद्धा आहे. पण कोरोनाच्या सांथींत आमच्या घरींही गुळवेलीचा काढा रोज उकळत होता. मुंबईच्या यकृततज्ज्ञांनीं २०२१ सालीं गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याची हकीकत प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानें तो निष्कर्ष अमान्य केला. या वादाचा निवाडा मीं करावयाचा नाहीं. ज्याचें यकृत आधींच जायबंदी आहे त्यास कोणताही काढा, चूर्ण वा भस्म डॉक्टरांस दाखविल्यावांचून देऊं नये, एवढें दोन्ही पक्षांस मान्य व्हावें.

चौथी खेप श्रावणांतली. सकाळीं शौच डांबरासारखें काळें झालें. वहींत तो रकाना असल्यामुळें बंधूंनीं लाज न धरतां लगेच सांगितलें, आणि आम्ही तासाभरांत इस्पितळांत होतों. अन्ननलिकेंतील शिरेंतून रक्त वाहत होतें. दुर्बिणीनें रबराचीं कडीं बसवून ती शीर बांधली. ही खेप टाळावयाची नव्हती, उलट ती लवकर झाली म्हणूनच माणूस हातीं लागला. रक्ताची उलटी, काळें शौच, पोटांत पाणी असतांना ताप किंवा पोटदुखी, हाकेस ओ न देणें, लघवी बंद होणें, यांपैकीं कांहींही झालें तर वही, फोन, घरगुती उपचार सारें बाजूस ठेवून गाडी काढावी. जलोदराच्या पाण्यांत जंतु शिरले तर आरंभीं नुसती कणकणच असते, आणि त्यांत गेलेला प्रत्येक तास महाग पडतो.

सारा भार घरावरच घालणें मात्र अन्यायाचें होईल. इटलींतील पादुआ येथें जलोदराच्या रुग्णांसाठीं एक व्यवस्था करून पाहिली: ठरलेले डॉक्टर, ठरलेल्या परिचारिका, घरीं गेल्यावर ठरलेल्या तारखांस तपासणी, आणि पाणी काढणें किंवा इतर उपचार दिवसाच्या दिवसांत उरकण्याची सोय. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या हकीकतीप्रमाणें, महिन्याच्या आंत पुन्हां दाखल होणाऱ्यांचें प्रमाण नेहमींच्या पद्धतींत ४२.४ टक्के होतें, तें या व्यवस्थेंत १५.४ टक्के राहिलें. वर्षभरांतील मृत्यूंचें प्रमाणही ४५.७ वरून २३.१ टक्क्यांवर आलें. रुग्ण थोडे होते, अवघे शंभर; तरी आंकडे विचार करावयास लावणारे आहेत. आपल्याकडे घरीं सोडण्याच्या दिवशीं संध्याकाळीं बिलाच्या खिडकीशीं तास जातो आणि औषधें समजावून देण्यास दोन मिनिटें मिळतात. त्या दोन मिनिटांत निदान इतकें विचारून घ्यावें: प्रत्येक औषध कशासाठीं, पुढची तारीख कोणती (ती आठवड्याच्या आंतील मागावी), आणि रात्रीं अपरात्रीं कोणास फोन करावयाचा. आम्हीं चौथ्या खेपेनंतर हे तीन प्रश्न कागदावर लिहूनच नेले. परिचारिकाबाईंनीं औषधांचीं नांवें व कारणें मराठींत लिहून दिलीं. त्यांस सात मिनिटें लागलीं.

श्रावणापासून आजपर्यंत बंधु इस्पितळांत राहिलेले नाहींत. दीड महिन्यांनीं एकदां, ठरलेल्या दिवशीं, सकाळीं जाऊन पाणी काढून येतात. दुखणें गेलेलें नाहीं. जावयाचें नाहीं, हें त्यांस व आम्हांस ठाऊक आहे. यकृत बदलण्याचा विचार चालू आहे आणि त्यांचा धाकटा मुलगा स्वतःचें यकृत देण्यास तयार आहे. त्याच्या तपासण्या पुढील महिन्यांत आहेत.

हा लेख काल मीं बंधूंस वाचून दाखविला. आपली गोष्ट छापण्यास त्यांनीं संमति दिली; मात्र माझ्या दोन रकमा आणि एक तारीख चुकली होती ती दुरुस्त करविली. मग वही ओढून घेऊन त्यांनीं आजची ओळ लिहिली आणि खालीं सही केली. मीं चष्मा लावून ती पाहूं लागलों, तेव्हां ते म्हणाले, "दादा, शिरोरेषा सरळ आहे. आतां दूध आणायला सांग."